काहील कुणी कुणाला मागायची

माझ्या नवऱ्याचं नाव मी आयुष्यात उखाण्याशिवाय घेतलं नाही आणि आता लिहितानाही घेणार नाही. ते जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांना त्याचं सुखदुःख नाही. पण एवढी वर्षं पाळलेलं व्रत म्हातारपणी कागदापायी मोडायचं म्हणजे उपासाच्या दिवशी संध्याकाळी चकली खाण्यासारखं आहे. आणि एकाचं झाकायचं तर सगळ्यांचंच झाकलेलं बरं, म्हणून इथं कुणाचंच नाव नाही. सासरे ते मामंजी, सासू ती आत्याबाई आणि नवरा म्हणजे 'हे'. आमच्या आळीत सगळ्याच बायकांचे नवरे 'हे' होते, तरी कुणाचा कुणात घोटाळा झाल्याचं मला आठवत नाही.

माझं माहेर विट्याच्या पलीकडचं, कोरड्या मुलखातलं. आता तो भाग सांगलीत मोडतो, तेव्हा सगळा साताराच होता. आमच्याकडं मागणं म्हणजे मागणं. पाणी लांबून डोक्यावरून यायचं. तहानलेला माणूस दारात आला की "पानी द्या" म्हणायचा, आणि घरातली बाई "हाय" म्हणायची, नाहीतर "न्हाई" म्हणायची. त्यात कुणाचा मान गेला नाही की कुणाला मिळाला नाही. त्या घरातून मी कराडच्या खाली कृष्णाकाठी सून म्हणून आले आणि बघते तो काय, इथं कुणी काही मागतच नव्हतं. उसाचं रान, दावणीला चार जनावरं, कणगीत धान्य, आणि मागायची मात्र भयंकर लाज. मामंजींना चहा हवा असला की ते आढ्याकडं बघून म्हणायचे, "थंडी पडलीया." चैत्रातसुद्धा म्हणायचे. एकदा आत्याबाईंनी उन्हाळ्याच्या भर दुपारी त्यांना घोंगडं नेऊन दिलं. त्यांनी ते मुकाट्यानं पांघरलं, पण चहा दे म्हणून काही म्हणाले नाहीत.

सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, ही रीत होतीच. सासरा दिसला की पदर ओढायचा आणि भिंतीला चिकटायचं. मग माहेरी जायचंय हे सांगायचं कसं? पहिल्या पावसाळ्यात मी मामंजी ओट्यावर असताना गोठ्यात गेले आणि म्हशीला म्हणाले, "तुजं बरं हाय बाई, तुजं म्हायेर ह्याच दावनीला. आमाला पंधरा कोस जायाचं म्हनलं की कुनीतरी न्यायला यावं लागतंय." दुसऱ्या दिवशी मी वैरण टाकत होते तेव्हा मामंजी येऊन म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पंचमीला गाडी जुंपू म्हनावं." त्या म्हशीनं आमच्या घरातलं जेवढं ऐकून घेतलं तेवढं कुणा वकिलानं ऐकलं नसेल. आणि तिनं फीपण घेतली नाही.

यांची गाठ मला फारशी पडलीच नव्हती. लग्न झालं आणि रजा संपली म्हणून हे पलटणीत परत गेले. लॉरी चालवायचे. जर्मन-जपानची लढाई संपली, गावातले इतर जवान घरी आले, यांचा पत्ता नाही. मग कळलं की यांची तुकडी बोटीत घालून जावा नावाच्या बेटावर नेली आहे. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला.

"लढाई संपली, मग माज्या लेकाला जावांत कशाला नेला?" त्या म्हणाल्या. "जावांत सापडलेला मानूस कवा सुखरूप आलाय?"

त्यांना स्वतःला एक जाऊ होती, म्हणजे मामंजींच्या थोरल्या भावाची बायको. तिच्याशी त्यांचं बोलणं बंद होतं. ते का, हे पुढं येईलच.

हे आले ते लढाई संपल्यावरच्या दुसऱ्या हिवाळ्यात. कराडला उतरून गाडीवाटेनं चालत आले. पारावर म्हातारी मंडळी बसली होती. त्यांच्या पुढून जाताना कुणीही माणूस रामराम घालून ताठ निघून जातो. हे कमरेत चांगले वाकले, उजवा हात गुडघ्याखाली सोडला आणि कोंबडी धरायला निघाल्यासारखे हळूहळू सरकत, तोंडानं काहीतरी पुटपुटत पारापुढून गेले. यांच्या आधी बातमी घरी पोचली की पोरगं आलं, पण कमरेत गोळी हाय.

आत्याबाईंनी हातातलं ओवाळणीचं ताट खाली ठेवलं आणि आधी लेकाची कंबर चाचपली. मग बळंच पालथं पाडून करंजाचं तेल चोळलं.

"आगं आये, कंबर बरी हाय माजी," हे खालून सांगत होते. "ती तिकडची रीत हाय. थोरामोठ्यांच्या पुढनं जाताना वाकायचं आन म्हनायचं, न्युवून सेवू. म्हंजी हजार मागतो."

"हजार काय?"

"हजार माफ्या."

आत्याबाईंचा हात थांबला. "आसं काय करून आलायस तिकडं?"

पुढचे काही दिवस संध्याकाळी चुलीपुढं बसून हे जावाच्या गोष्टी सांगत. मामंजी जरा लांब दोरी वळत बसत, ऐकत नसल्यासारखे. मी दाराआड. तिथं एका बंदराच्या गावात यांच्या लॉऱ्या उभ्या असायच्या. जवळ एका म्हाताऱ्या मास्तराचं घर होतं आणि त्याच्या आवारात आड. लॉरीत घालायला पाणी लागायचं. यांनी गल्लीतल्या पोरांकडून दोन शब्द उचलले आणि मास्तरापुढं जाऊन ठणकावून म्हणाले, "जालुक बान्यू." म्हणजे पाणी मागतो. मास्तरानं हसून पाणी दिलं. पण माघारी सगळी गल्ली तोंडावर हात घेऊन उभी. बाजारात एक न्हावी होता, त्याला तोडकंमोडकं हिंदुस्थानी येत असे. त्यानं सांगितलं की अरे बाबा, 'जालुक' हे बरोबरीच्याला म्हणायचं, नाहीतर धाकट्याला. मास्तरासारख्याकडं मागायचं तर मागण्याचा शब्दच वेगळा, 'न्युवून'. पाण्यालासुद्धा दुसरा शब्द. तू मास्तराकडं असं मागितलंस जसं मास्तर आपल्या गाडीवानाकडं मागेल.

"म्हंजी तिकडं अहो-जाहो हायच की," आत्याबाई म्हणाल्या.

"अहो-जाहो न्हवं आये. सगळी बोलीच बदलती. खा म्हनायचं तर मानूस बघून शब्द. झोप म्हनायचं तर मानूस बघून शब्द. समोर कोन हाय ते ठरल्याबगार तोंडच उघडता येत न्हाई."

पण यांच्या मनात खरं घर केलं होतं ते मास्तराच्या जावयानं. जावयाला सासऱ्याची सायकल हवी होती. तो आला, चपला काढून खाली बसला. पावसाचं बोलला, भाताचं बोलला, शेजारच्या म्हातारीच्या खोकल्याचं बोलला. मग म्हणाला, आज बाजार लांब वाटतोय. एवढंच. मास्तर थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, माझी सायकल उभी राहून राहून गंजायला लागलीय, तुम्हाला त्रास नसेल तर जरा बाजारापर्यंत फिरवून आणाल का? जावयानं मागितली नाही. उलट सासऱ्यानंच जावयाकडं मागितल्यासारखं झालं. आणि दोघंही आनंदात.

"आन द्यायची नसंल तर?" आत्याबाईंनी विचारलं.

"तर म्हनायचं, व्हय, आज बाजार लांबच हाय."

मामंजी दोरीला पीळ देत म्हणाले, "आपल्यासारखीच मानसं हायती." हे त्यांनी म्हशीला सांगितलं की आम्हाला, ते कळलं नाही.

मी नंतर यांना एकटं गाठून विचारलं, "तिकडं बायकू नवऱ्याला कसं मागती?"

"वरच्या बोलीत."

"आन नवरा बायकूला?"

"खालच्या."

"मग एवढं समुद्र वलांडून नवं काय बघितलंत?" मी म्हणाले.

संक्रांत झाली आणि आमच्यावर काहिलीचं संकट आलं. काहील म्हणजे गूळ करायची लोखंडी कढई, पण कढई म्हटल्यावर जी डोळ्यापुढं येते ती नव्हे. त्यात दोन माणसं पाय पसरून निजतील एवढी. उसाचा रस तिच्यात ओतून चुलवणावर आटवायचा. आमच्या घराण्याची अशी एक काहील होती, मामंजींच्या आज्यानं केलेली, दोन्ही भावांच्या मालकीची. ती होती थोरल्यांकडं, आळीच्या दुसऱ्या टोकाला.

आणि थोरल्यांशी बोलणं बंद. माझ्या नणंदेच्या लग्नात थोरल्या भावाला अक्षत द्यायला, म्हणजे लग्नाला या म्हणून सांगायला, मामंजी स्वतः गेले नाहीत, त्यांनी गुरवाला पाठवलं. मामंजी म्हणत, मला ताप होता. थोरले म्हणत, तापाचा माणूस त्याच दिवशी मलकापूरच्या बाजारात बैल बघताना दिसला. दोन्ही खरं असावं. ताप असला तरी बैल बघायचं सोडणारे ते नव्हते. थोरले लग्नाला आले नाहीत. त्यांच्याकडं पाठवलेलं जेवणाचं ताट त्यांनी बैलापुढं ठेवलं. बैलानं खाल्लं. तेव्हापासून दोन्ही घरांत अबोला. थोरल्यांनी काहील नाही म्हटलेली नव्हती, कारण आम्ही मागितलीच नव्हती. दरसाल आम्ही मलकापूरच्या पाव्हण्यांची काहील आणायचो.

त्या साली पाव्हण्यांच्या काहिलीचा तळ गेला. इकडं आमच्या उसाला कोयता लागला होता, रस काढायच्या चरकाची पाळी ठरली होती, गुळव्याला पाटणच्या बाजूला निरोप गेला होता. तोडलेला ऊस उन्हात पडला की दिवसादिवसाला हलका होतो. आता मागायला जायचं कुणी, यावर घरात खल झाला. मामंजी म्हणाले, "मी मेलो तरी न्हाई." आत्याबाई म्हणाल्या, जावेकडं मागायला मी गेले तर ती जन्मभर सांगत फिरेल. गड्याला पाठवावं तर पुन्हा गुरवाचीच गत. राहिले हे. पुतण्या. पण पुतण्या मागायला गेला तरी ते बापानंच मागणं, असं थोरले म्हणणार आणि मामंजींचाच मान जाणार.

"मी मागनारच न्हाई," हे म्हणाले. "मी बसून येतो."

हे जावाचा जावई व्हायला निघाले होते. जायला निमित्त हवं, ते माझ्या माहेराहून आलं. भावानं ज्वारीचा हुरडा पाठवला होता. कृष्णाकाठी उसाचं कौतुक, पण हुरडा म्हटलं की तोंडाला पाणी. त्यातली एक बुट्टी थोरल्यांकडं द्यायची असं ठरलं. हुरडा सुनेच्या माहेरचा, म्हणून बुट्टी सुनेनं न्यायची. हे पुढं, मी मागं डोक्यावर बुट्टी घेऊन.

थोरले मामंजी दारापुढच्या बाजल्यावर तंबाखू मळत बसले होते. त्यांच्या मागं गोठ्याच्या भिंतीला काहील टेकवून ठेवलेली, आणि तिच्या आडोशाला कोंबड्या. एक तर अंड्यावर बसलेली होती. हे आवारात शिरले ते वाकूनच.

"काय पडलं रं?" थोरल्यांनी विचारलं.

"काय न्हाई तात्या. तिकडची रीत हाय."

"मला वाटलं आंगठी पडली. मी बी बघाय लागलो. बस."

हे खाली बसले. मी बुट्टी घेऊन दारात गेले, थोरल्या आत्याबाईंनी ती उतरवून घेतली आणि मला दाराआड आपल्याजवळ बसवून घेतलं. त्यांनी आधी बाहेर कान दिला, मग हुरड्यात हात घातला.

"थंडी बरी हाय औंदा," हे म्हणाले.

"हाय."

"उसाला बरी."

"बरी."

"आमचा तोडाय घातलाय. वाळाय लागला."

"तोडल्याव वाळनारच. उभा ठिवला आसता तर वाळला नसता."

"मलकापूरच्या पावन्यांची काहील फुटली म्हनं."

"आरारा. जुनी हुती."

हे थोडं थांबले. मास्तरसुद्धा थोडं थांबला होता. थोरल्यांनी तंबाखू दुसऱ्या तळहातावर घेतली आणि पुन्हा मळायला लागले.

"ही तुमची बी लय जुनी आसंल," हे म्हणाले.

"माज्या आज्याची. तुज्या बापाच्या बी आज्याची."

"मजबूत दिसती."

"हाय मजबूत. कोंबड्यांस्नी बरी पडती."

यांनी दाराकडं बघितलं. चेहऱ्यावर समाधान होतं. काम होत आलं आहे असं त्यांना वाटत होतं. मला तर स्वच्छ दिसत होतं की म्हातारा सगळं ओळखून आहे आणि आमच्या उसाचं सरपण होईपर्यंत तो यांना असंच खेळवणार आहे. पुढं जावाच्या रेड्यांचं निघालं, तिकडच्या भाताचं निघालं. थोरल्यांनी मन लावून ऐकलं. ऊन गोठ्यावरून उतरलं. शेवटी थोरले म्हणाले, "बरं झालं आलास. येत जा आसाच कवातरी." म्हणजे आता ऊठ. आणि हे खरंच उठले.

माझ्या बाजूला थोरल्या आत्याबाई पुटपुटल्या, "दोघं बी निर्फळ."

मी उठले. पदर नाकापर्यंत ओढला, दारात आले आणि चौकटीकडं तोंड केलं, म्हणजे सून सासऱ्याशी बोलली असं व्हायला नको. आणि चौकटीला म्हणाले, "मामंजी, काहील द्या. ऊस वाळतोय. काम झालं की घासून आनून दिऊ."

हे उभे होते ते पुन्हा खाली बसले.

"ही कुठली रं?" थोरल्यांनी विचारलं.

"इट्याच्या पलीकडची," हे म्हणाले.

"तिकडं आसंच मागत्यात?"

"व्हय," मी चौकटीला सांगितलं. "तिकडं पानी लांबनं यितं. बोलत बसून तहान भागत न्हाई."

थोरले हसले असते तर मला बरं वाटलं असतं. ते हसले नाहीत. तंबाखू दाढेखाली ठेवली, हात झटकले.

"पोरी, तुला दिली," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडतोय तोच पुढं म्हणाले, "तुला. तुज्या सासऱ्याला न्हाई. त्यानं मागितली न्हाई, मी त्याला दिली न्हाई. आता ती तुजी. ज्याला लागंल त्यानं तुला मागावी."

परत येताना यांनी एकदा मागं वळून काहिलीकडं बघितलं. मग म्हणाले, "मी आजून जरा बसलो आसतो तर…"

"तर अंड्यातनं पिल्लं भायेर आली आसती," मी म्हणाले.

सकाळी थोरल्यांच्या गाडीतून काहील आली. त्यांच्या गड्यांनी ती बरोबर माझ्या स्वयंपाकघराच्या मागल्या दारापुढं पालथी घातली. वर त्यांचा म्होरक्या आळीला ऐकू जाईल असं ओरडून गेला, "थोरल्या मालकांचा निरोप हाय. ही सूनबाईंची. त्यांच्या शब्दाबगार कुनी हात लावायचा न्हाई."

आळीतल्या बाया धुणं घेऊन निघाल्या होत्या, त्या आमच्या दारावरून वळसा घालून गेल्या.

मामंजी काहिलीभोवती एक फेरी मारून गोठ्यात गेले. भावाकडं मागायची वेळ टळली होती, पण आता त्यांना माझ्याकडं मागायचं होतं, आणि माझ्याशी ते लग्नापासून एक शब्द बोललेले नव्हते. आत्याबाई म्हणाल्या, त्यात काय विचारायचं, घरातलीच आहे, उचला. मीपण आत्याबाईंना म्हणाले, न्या की. मामंजी ऐकेनात.

"निरोप गावानं ऐकलाय," ते आत्याबाईंना म्हणाले. "न इचारता उचलली तर त्यो म्हननार, चोरली."

मग त्यांनी आपले नेहमीचे उपाय करून बघितले. काहिलीकडं बघून "थंडी पडलीया" म्हणाले. मी चहा नेऊन ठेवला. गोठ्यात जाऊन म्हशीला मोठ्यानं विचारलं, "एखादी काहील घावंल का गं कुटं?" म्हैस रवंथ करत राहिली. मी दाराआडून ऐकत होते आणि बोलले नाही. हे मला म्हणाले, "दे की आता, कशाला तानतीस?" मी म्हणाले, "मला कुनी मागितली कुटं?" खरं सांगायचं तर मला मजा येत होती. त्या घरात आल्यापासून माझ्याकडून पुष्कळ काही घेतलं गेलं होतं, पण माझ्याकडं कुणी काही मागितलं नव्हतं. मागितलं की काय वाटतं ते बघायचं होतं.

दुपारी गुळव्या आला. गुळव्या म्हणजे गुळाचा कारागीर, आणि हा तर भलताच तापट होता. आल्या आल्या चुलवण बघितलं, चरक बघितला, आणि म्हणाला, "जाळ घालायच्या आदी काहिलीच्या मालकानं नारळ द्यायचा. मालक कोन?"

सगळे माझ्या दाराकडं बघायला लागले.

मामंजी घरात गेले. हातपाय धुतले. कचेरीत जायचं असलं की बांधायचे तो फेटा काढून बांधला. मग पुढल्या दारानं बाहेर पडून, घराला वळसा घालून, पाव्हण्यासारखे माझ्या मागल्या दारी आले. मी चुलीपुढून उठले आणि पदर ओढून भिंतीला टेकले.

"सूनबाई," ते म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. "गुऱ्हाळाला काहील पायजे हुती. देता का?"

देतीस का, म्हणाले नाहीत. देता का, म्हणाले. मी सकाळपासून उत्तरं घोळवत होते, एकाहून एक वात्रट. आढ्याकडं बघून "थंडी पडलीया" म्हणायचं, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. पण एकही तोंडातून येईना. शेवटी म्हणाले, "तुमचीच हाय, मामंजी." ते इतकं बारीक आलं की आत्याबाईंना मध्ये पडून मोठ्यानं सांगावं लागलं, "तुमचीच हाय म्हनती."

"न्हाई," मामंजी म्हणाले. "तुमची हाय. कामापुरती नेतो." आणि फेटा सावरत गेले.

हे कोपऱ्यात उभे होते. मला हळूच म्हणाले, "ही वरची बोली बरं का."

"जावा आपलं तुमी चुलवनाकडं," मी म्हणाले आणि डोळे पुसले. धूर होताच, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही.

नारळावरून पुन्हा अडलं. गुळव्या म्हणाला, बाईमाणसं नारळ फोडत नाहीत. आत्याबाई म्हणाल्या, मग मालकाचा हट्ट कशाला धरलास? शेवटी मी नारळाला हात लावला आणि मामंजींनी फोडला. खोबरं सगळ्यांनी खाल्लं, गुळव्यानं जरा जास्तच.

गुऱ्हाळ सुरू झालं. गुऱ्हाळावर येणाऱ्याला रस आणि गरम काकवी मिळते, त्यासाठी बोलावणं लागत नाही. दोनेक दिवसांनी थोरले काठी टेकत आले.

"पोरीची काहील बघाय आलोय," ते गुळव्याला म्हणाले आणि काहिलीच्या पलीकडच्या बाजूला बसले. मामंजी अलीकडं. मध्ये उकळता रस.

"पावन्यास्नी काकवी दे," मामंजी गुळव्याला म्हणाले.

थोरल्यांनी चाखली. "त्यास्नी सांग, गोड हाय," ते गुळव्याला म्हणाले. "जाळ वाईच कमी पायजे."

"त्यास्नी सांग," मामंजी म्हणाले, "जाळाचं आमी बघतो."

थोरले रोज यायला लागले, आणि रोज असंच. दोघं भाऊ एका काहिलीच्या अंतरावर आणि बोलणं सगळं गुळव्यामार्फत. गुळव्या काहिलीत ढवळायचा लाकडी हाता फिरवत असायचा, मळी काढायचा, गूळ कधी उतरायचा हे त्याला क्षणाक्षणाला बघावं लागायचं, आणि वर ही वकिली. एक दिवस तो भडकला.

"मी गूळ बगू का तुमचं निरोप? गूळ करपला तर दोघांच्या बी डोस्क्यावर ओतीन."

तेवढ्यात वारा फिरला. चुलवणाचा सगळा धूर थोरल्यांच्या अंगावर गेला. त्यांचे डोळे पाणावले, ते खोकायला लागले, काठी सापडेना म्हणून चाचपडायला लागले. मामंजींनी गुळव्याकडं बघितलं. गुळव्या काहिलीत बघत होता.

"दादा, हिकडं सरकून बसा," मामंजी म्हणाले.

थोरले उठले, काहिलीला वळसा घालून आले आणि भावाशेजारी बसले. मामंजींनी आपलं पोतं अर्धं त्यांच्याकडं सरकवलं. मी उसाच्या मोळ्यांपाशी उभी होते, मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलणार. थोरले धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाले, "जाळ कमी पायजे म्हनून मी परवाच सांगितलं हुतं."

"सांगितलं हुतं," मामंजी म्हणाले, आणि जाळ घालणाऱ्याला त्यांनी लाकडं मागं ओढायला सांगितली.

त्या साली गूळ चांगला उतरला. आमच्या ढेपा सांगलीच्या पेठेत गेल्या. काहील मी घासून थोरल्यांकडं पाठवायला निघाले तर त्यांनी घेतली नाही. दिलेली वस्तू परत घेत नाही म्हणाले. मग ती आमच्याकडंच राहिली आणि दर हिवाळ्यात भावकीतली माणसं ती मागायला माझ्या मागल्या दारी यायला लागली. कुणी थंडीचं बोलायचे, कुणी उसाचं, कुणी माझ्या माहेरच्या पावसाची चौकशी करायचे. मी सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. मग विचारायचे, "कवा पायजे?"

दोघा भावांचं म्हणाल तर पुढच्या पावसाळ्यात ते बांधावरून भांडले. समोरासमोर, एकमेकांना अरेतुरे करत, पार नदीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. सबंध सकाळ भांडण चाललं. आत्याबाई आणि थोरल्या आत्याबाई आमच्या ओट्यावर एका सुपात शेंगा निवडत बसल्या होत्या. मला काळजी वाटली. मी विचारलं, मध्ये कुणी पडायला नको का?

"भांडूंद्यात," आत्याबाई म्हणाल्या आणि सुपातला खडा काढून टाकला. "एकमेकाला बोलत्यात न्हवं?"